न दुखणारा हात

प्रिय मुक्ता आणि रोहन,

मुक्ता, तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा चष्मा लावून आणि एकदा नुसतंच हातात धरून. तू लिहिलंस की तुझ्या प्रयोगशाळेतल्या पेशींचं काम एकच असतं, दुखणं ओळखणं. आणि त्या पेशी आपल्या बळावर जगत नाहीत. कातडी एक द्रव्य तयार करते, त्यावर त्या पोसल्या जातात, त्याच्या दिशेने फुटवे काढतात, आणि ते आटलं की मुक्या होतात. शेवटी गमतीने विचारलं होतंस, 'आजी, दुखणंसुद्धा पोसावं लागतं, हे तुला पटेल का?'

मला पटतं. मला ते तुझ्या आईच्या लहानपणापासून माहीत आहे. फक्त त्याच्यामागचं कारण माहीत नव्हतं.

हे आत्ताच का लिहिते आहे, तेही सांगते. ज्या दोन माणसांना हे वाचून वाईट वाटलं असतं, ती आता नाहीत. तुमच्या आईला मी हे सगळं गेल्या महिन्यात सांगितलं. ती म्हणाली, "पोरांनाही कळू दे." शिवाय तुमच्या ओळखीत कधी कुणी पुढे येणाऱ्या रोगाच्या नावाला घाबरलेलं भेटलं, तर त्याला ही पानं वाचायला द्या. माझं नाव झाकू नका.

हात मुरला

मुळशीच्या धरणाच्या काठाला आमचं गाव होतं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी पुण्यात वाढलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तुमचे आजोबा शेतकी कॉलेजात शिकून परत आपल्या भातखाचरांत आलेले. घरात आम्ही दोघं, आणि त्यांच्या आई. सासूला तिकडे आत्याबाई म्हणत, म्हणून मीही म्हणायचे.

त्या घरात तांदळाची भाकरी बोटांनी उलटायची पद्धत होती. तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायचं, कड सुटली की बोटं खाली घालून उलटायची, आणि शेवटी तशीच उचलून निखाऱ्यावर उभी करायची. पहिल्या दिवशी मी उलथनं मागितलं. आत्याबाई शेजारच्या भागूकाकूंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "आमची सून बी.ए. हाय. तिला भाकरी उलटायला हत्यार लागतंय."

भागूकाकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, "पुण्याचं लोणी हाय ते. आच सोसायची न्हाई."

"सोसंल की. हात मुरायला दोन पावसाळं लागत्यात."

मी दोन पावसाळे बोटं फुंकत काढले. तुमची आई, शालू, जन्मली. आणि तिसऱ्या पावसाळ्यात माझा हात मुरला.

तो श्रावण मला नीट सलग आठवत नाही. धुकं घरात यायचं. सकाळी दार उघडलं की ते पायरीवरून आत सरकायचं आणि ओसरीवर पाहुण्यासारखं बसून राहायचं. खाचरं, बांध, धरणाचं पाणी, सगळ्याच्या कडा पुसलेल्या असायच्या. त्या दिवसांत माझ्या उजव्या हाताच्याही कडा पुसल्या. आधी करंगळीच्या बाजूने, मग तळव्यात, मग पार अंगठ्यापर्यंत. वाईट वाटत नव्हतं. उलट हातावर कुणीतरी मऊ काहीतरी पांघरल्यासारखं वाटायचं. भाकरी मी अशी उलटायचे जशी वहीची पानं. दुधाचं पातेलं फडक्याशिवाय उतरवायचे. मनगटाच्या वर एक फिकट चट्टा होता, रुपयाएवढा. मी तो पाहिला आणि विसरून गेले.

आत्याबाईंना माझं कोण कौतुक. सकाळी शेजारणी चूल पेटवायला विस्तव मागायला यायच्या, गोवरीचा तुकडा हातात घेऊन. त्यांना विस्तव द्यायला आत्याबाई मुद्दाम मला हाक मारू लागल्या. मी चुलीतला निखारा दोन बोटांत उचलायचे आणि त्यांच्या गोवरीवर ठेवायचे.

"बघितलंस का भागू?" आत्याबाई म्हणायच्या. "तुज्या दोगी सुना चिमटा हुडकत बसत्यात."

भागूकाकू निखारा घेऊन निघून जायच्या. आणि मला, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटायचं. कॉलेजात मला बक्षिसं मिळाली होती, पण त्यातलं एकही या ओसरीवर चाललं नसतं. हे चाललं. मी त्या घरची झाले, असं मला वाटलं.

विसण

दिवाळीच्या आधीची एक सकाळ. मी शालूला न्हाऊ घालायला बसले होते. ती तेव्हा पावणेदोन वर्षांची. बंबातलं पाणी घंगाळात काढलं, विसणाचं गार पाणी घातलं, उजवा हात पाण्यात फिरवून बघितला. कोमट होतं. तांब्या भरला आणि तिच्या पाठीवर ओतला.

ती जी किंचाळली, तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. तिची पाठ माझ्या डोळ्यांसमोर लाल होत गेली. आत्याबाई धावत आल्या, त्यांनी पोर उचलली, घंगाळात हात घातला आणि झटक्याने बाहेर काढला. मग माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून पाण्यातच होता.

"काढ तो हात," त्या म्हणाल्या.

मी काढला. तोही लाल झाला होता.

"तुला भाजलं न्हाई?"

"नाही."

आत्याबाई पाटावर बसल्या. पोर मांडीवर रडत होती, आणि त्या माझ्या हाताकडे बघत होत्या. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "न्हाई मुरला तो. दुसरंच काय तरी झालंय."

शालूची पाठ पंधरा दिवसांत बरी झाली, डागही राहिला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

पुण्यातले डॉक्टर

आजोबांनी मला एस.टी.ने पुण्याला नेलं. डॉक्टर वयस्कर होते, बोलणं मऊ. त्यांनी चट्टा पाहिला. कोपराच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, एका जागी थांबले, आणि तिथे सुतळीसारखं काहीतरी जाड लागलं ते मलाही जाणवलं.

"डोळे मिटा," ते म्हणाले. "मी कापूस लावीन. लागला की दुसऱ्या हाताने जागा दाखवायची."

मी डोळे मिटून बसले. बाहेर टांग्याची घंटा वाजली. कुठेतरी नळाचं पाणी पडत होतं. मी वाट बघत राहिले. खोलीत फार छान शांतता होती. मला वाटलं, डॉक्टर कापूस शोधत असतील.

"सुरुवात करा ना," मी शेवटी म्हटलं.

"आठ वेळा लावून झाला," डॉक्टर म्हणाले.

मी डोळे उघडले तेव्हा आजोबा भिंतीकडे तोंड करून उभे होते.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, 'कुष्ठरोग'. गावात याला रगतपिती म्हणत, आणि म्हणताना थुंकत. मी त्यांना म्हटलं, "इंग्रजीत सांगा." मला वाटलं, ज्या भाषेत मी कविता पाठ केल्या त्या भाषेत ते हलकं असेल. त्यांनी सांगितलं, 'लेप्रसी'. मिशनच्या शाळेत बायबलच्या तासाला तो शब्द आम्ही मोठ्याने वाचला होता. तो जराही हलका नव्हता.

मग त्यांनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या मी परतीच्या एस.टी.त आजोबांकडून पुन्हा ऐकल्या, कारण मला पहिल्यांदा ऐकूच आल्या नव्हत्या. याला आता गोळी आहे. ती काही वर्षं घ्यायची. माझा प्रकार दुसऱ्याला लागणारा नाही. मुलीला जवळ घ्यायला हरकत नाही. नसा सुजल्या आहेत म्हणून काही आठवडे दवाखान्यात राहावं लागेल. हाताला कळायला लागेल का, तर काही सांगता येत नाही. नशीब असेल तर थोडं परत येईल.

माण

घरी आल्यावर आजोबांनी हे सगळं आत्याबाईंना नीट समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी शालूचं गाठोडं बांधलं आणि घोटावड्याच्या वाटेने तिला माण गावी, आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे, नेऊन ठेवलं. आता तिथे काचेच्या इमारती आहेत म्हणतात. तेव्हा ज्वारीची शेतं होती.

"डॉक्टर म्हणाले, लागणारा प्रकार नाही," मी म्हटलं.

"लागण्याचं मी म्हनतच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "पोरीला भाजलं ते तुला कळलं का? न्हाई कळलं. मग तुज्या हातात मी पोर कशी देऊ? ज्या दिशी तुज्या हाताला भाजंल, त्या दिशी मी सोता जाऊन आणीन तिला."

लागण्याची भीती असती तर मी भांडले असते. पण त्या खरं तेच बोलत होत्या.

तुमचे आजोबाही भांडले नाहीत. याचा मला फार वर्षं राग होता. ते आईसमोर मान खाली घालायचे आणि मग माझ्यासमोरही मान खाली घालायचे. गावात त्यांनी सांगितलं की बायको पुढचं शिकायला पुण्याला गेली आहे. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला तो पहिला उपयोग.

डोळ्यांनी दुखवून घ्यायचं

दवाखाना शहराबाहेर होता, आवारात कडुनिंबाची झाडं. सकाळी सहाला घंटा. मग गोळी. मग एक तास हात पाण्यात भिजवायचे, तेल चोळायचं, बोटं एकेक करून सरळ करायची. दुपारी सगळ्या वॉर्डावर झापड यायची. पंखे नव्हते. कडुनिंबाची सावली भिंतीवर हलायची, आणि मला कधी कधी वाटायचं की आपण सगळ्या बायका पाण्याच्या तळाशी निजलो आहोत आणि वर कुठेतरी वारा सुटला आहे.

माझ्या शेजारच्या खाटेवर मंजुळाबाई होत्या, कऱ्हाडकडच्या. त्यांच्या दोन्ही हातांना काही कळत नव्हतं. मला साहेबीण म्हणायच्या.

"साहेबीण, हात बघितला का आज?"

"पाहिला."

"पाहिला न्हाई. बघितला का? तांदूळ निवडतीस तसा?"

त्यांनी मला शिकवलं. रोज सकाळी हात उजेडात धरायचा, पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यांत. फोड आहे का, काटा रुतलाय का, कुठे चिरलंय का. "दुकणं म्हंजी राखणदार," त्या म्हणायच्या. "आपला राखणदार पळाला. आता डोळ्यांनी दुकवून घ्यायचं."

तिसऱ्या आठवड्यात माझा कोपर ठणकायला लागला. ज्या हाताला विस्तव कळत नव्हता, त्याच हाताचा कोपर असा ठणकू लागला की पांघरुणाचा स्पर्श सोसेना. हात लाकडी पट्टीला बांधून झोळीत ठेवला. ताप भरला. तापात मी माणला जायचे. शालू ज्वारीत लपलेली असायची, मी हाक मारायचे, आणि कणसं बाजूला करायला माझ्याकडे हातच नसायचे.

डॉक्टर म्हणाले, "सोसा. ठणकतेय म्हणजे नस अजून आहे."

मुक्ता, तू लिहिलं आहेस की सूज आली की तेच द्रव्य फार वाढतं आणि त्या पेशी नको इतक्या जाग्या होतात. ते वाचून मला तो कोपर आठवला. बोटांत दुष्काळ आणि कोपरात पूर, एकाच हातात. खाली तू असंही लिहिलं आहेस, 'आजी, हे इतकं सरळ नसतं.' नसेल. तुमच्या त्या द्रव्याचा शोध त्याच सुमारास, समुद्रापलीकडे कुठल्यातरी खोलीत लागत होता, हे वाचून मला बरं वाटलं. मी कडुनिंबाखाली पडले होते तेव्हा कुणीतरी योग्य दिशेला बघत होतं.

मी निघाले त्या दिवशी मंजुळाबाईंनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "आता आपल्या दोगींनाबी काय कळंना," त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मीही हसले.

निळी रेघ

घरी मला मागची खोली दिली. ताट वेगळं, लागण्याचं कुणी म्हणत नसलं तरी. आत्याबाई ते उंबऱ्यावर ठेवायच्या, पण गरम असायचं, आणि वर तूप असायचं. भाकरी मात्र त्या स्वतःच करत, मला चुलीजवळ येऊ देत नसत. विस्तव मागायला आलेल्या बायकांना चिमट्याने विस्तव मिळू लागला. भागूकाकूंनी एकदा विचारलं, "सून कुटं हाय तुमची?" आत्याबाई म्हणाल्या, "हात दुकतोय तिचा." हात दुखत नव्हता, तेवढंच त्यात खोटं होतं.

एकदा खोलीच्या दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, "मीच वाखाणला गं तो हात. मी वाखाणला नसता तर तू आदी बोलली असतीस."

मी म्हटलं, "मलाही वाखाणून हवा होता."

आमच्यात त्याच्याइतकं खरं बोलणं आधी कधी झालं नव्हतं.

दर रविवारी दुपारी आजोबा दौत आणि टाक घेऊन यायचे. मी डोळे मिटायचे. ते सावरीच्या कापसाचा धागा माझ्या हातावर फिरवायचे, आणि कळायचं थांबलं की मी 'गेलं' म्हणायचे. तिथे ते निळा ठिपका द्यायचे. मग ठिपके जोडायचे. रेघेच्या अलीकडे मी, पलीकडे ते दुसरंच. ती रेघ ते कागदावर उतरवून घ्यायचे, डॉक्टरांना दाखवायला. न भांडणाऱ्या माणसाने माझ्यासाठी जे केलं ते हे. मला तेव्हा ते फार थोडं वाटलं होतं.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं. आधी झाडांचे काळे बुंधे दिसतात, मग जुन्या घरांची जोती, बांध, एका देवळाचा चौथरा. आत्याबाईंचं माहेर त्या पाण्यात गेलेलं. त्या वर्षी वैशाखात त्यांनी मला काठावर नेलं, आणि हात लांब करून दाखवलं. "ती आमची विहीर. ते आमचं खळं. लगीन झालं तवा समदं वर हुतं." मी बघत राहिले. गाळाला भेगा पडल्या होत्या आणि भेगांमधून बारीक हिरवं काहीतरी उगवलं होतं, इतक्या वर्षांनी, इतक्या पाण्याखालून. त्या रविवारी निळी रेघ अंगठ्यावरून एक बोट खाली सरकली होती. आजोबांनी ती दोनदा तपासली. मला अंगठ्यात मुंग्या येत होत्या, आणि त्या जाऊ नयेत म्हणून मी हात हलवतसुद्धा नव्हते.

आधी काय होतं

त्याआधी होळीला आजोबा मला माणला घेऊन गेले होते. शालू अंगणात खेळत होती. माझ्या नणंदेला तिने 'आई' म्हणून हाक मारली. मी कुंपणाशी उभी होते.

मुंग्या आल्यापासून मला धीर निघेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाई करू नका, नस फार हळू वाढते. पण शालू नसेपेक्षा लवकर वाढत होती. शेवटी मी ठरवलं की नाटक करायचं. आत्याबाई भाकऱ्या करत असताना मी चुलीजवळ गेले, तव्यावरची भाकरी बोटांनी धरली, "आई गं" म्हणाले आणि हात मागे घेतला.

आत्याबाईंनी तवा उतरवला. भाकरी बाजूला ठेवली.

"परत कर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"न्हाई, नको करू. उगं भाजून घेशील." त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. "भाजलेलं मानूस आदी हात काढतंय, मग वरडतंय. तू आदी वरडलीस."

मुक्ता, तुझ्या पुस्तकांत हे कुठल्या पानावर असेल मला माहीत नाही. आत्याबाईंना सही करता येत नव्हती.

"हात आपसूक मागं आला पायजे," त्या म्हणाल्या. "तुला न इचारता. तसा आला की मला सांगू नकोस. मला दिसंल."

मुठे

शालू माणला गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्याचा शेवट. पाऊस ओसरला होता, खाचरांत भात पोटरीला आलं होतं. ओढ्याकडून कुणीतरी आत्याबाईंना टोपलीभर मुठे आणून दिले होते, ते काळे शेतखेकडे. त्या दारात बसून त्यांच्या नांग्या मोडत होत्या. तोवर माझं वेगळं ताट बंद झालं होतं. मी जवळच बसून लसूण सोलत होते. ऊन पातळ होतं, आणि मी कशाचाही विचार करत नव्हते.

टोपलीतला एक मुठा काठावर चढून बाहेर पडला. मी त्याला अडवायला सहज हात पुढे केला.

पुढचं मला कळलंच नाही. माझा हात माझ्या छातीशी होता. मुठा अंगणात पालथा पडला होता. लसूण सगळीकडे सांडला होता. मी हाताकडे बघितलं. अंगठ्याच्या मुळाशी एक लाल चिमटा उठत होता. आणि मग, एखाद्या लांबच्या गावाहून चालत आल्यासारखं, दुखणं आलं. बारीक, धारदार, माझं. डोळ्यांत पाणी आलं तरी मी ओरडले नव्हते. ओरडायचं सुचलंच नव्हतं.

आत्याबाई हातातली नांगी धरून तशाच बसल्या होत्या.

"हात काढलास," त्या म्हणाल्या.

"काढला नाही. आला."

"वरडली न्हाईस."

"नाही."

त्या उठल्या. हात धुतले. टोपलीवर सूप पालथं घातलं. पदर डोक्यावरून घेतला, वहाणा पायात सरकवल्या आणि फाट्याकडे चालू लागल्या. अंगणाच्या टोकाशी पोहोचल्यावर वळून म्हणाल्या, "कालवन तूच कर आज. आनि जपून उलट भाकरी. उलथनं फळीवर हाय."

शालू

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या. शालू त्यांच्या मागे, लुगड्याला धरून. चौथ्या वर्षातली, दोन वेण्या, कपाळावर माणची तीट. ती मला ओळखत नव्हती. आजोबा दारात उभे होते, ते तिला काही सांगायला गेले, पण आत्याबाईंनी त्यांना हाताने गप्प केलं.

शालू माझ्याकडे बघत म्हणाली, "तुजा हात मेलाय ना?"

"कोण म्हणालं?"

"माणच्या पोरी म्हनत्यात. तिकडच्या आईनं त्यास्नी मारलं."

मी खाली बसले आणि हात तिच्यापुढे धरला. "तूच बघ."

ती विचारात पडली. मग पुढे आली आणि दोन नखांत माझा अंगठा धरून जोरात चिमटा काढला.

"दुखलं?"

"दुखलं."

तर्जनी. "दुखलं?"

"हो. जपून."

मधलं बोट. तिथे जरा वेळ लागला. "दुखलं," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

चौथ्या बोटाला तिने चिमटा काढला. मला दिसत होतं की ती पूर्ण जोर लावते आहे, जीभ बाहेर काढून. आत्याबाई बघत होत्या. एक शब्द खोटा बोलले असते की झालं असतं. पण मला त्यांचं ते 'तू आदी वरडलीस' आठवलं, आणि शिवाय ही पोरगी मला आजच भेटत होती.

"नाही दुखलं," मी म्हटलं.

करंगळी. "हे?"

"हेही नाही. ही दोन राहिली."

मी आत्याबाईंकडे पाहिलं नाही. शालू हाताकडे बघत उभी राहिली. मग तिने ती दोन बोटं आपल्या मुठीत घेतली आणि घट्ट आवळली.

"मग मी हीच धरते," ती म्हणाली. "किती बी जोरात धरली तरी चालत्यात."

आत्याबाई आत गेल्या. त्या वर्षी आणि पुढची बरीच वर्षं शालूच्या न्हाण्याच्या पाण्यात त्या स्वतः हात घालून बघायच्या. मी त्यांना कधी नाही म्हटलं नाही.

गोळ्या मी अजून चार वर्षं घेतल्या. मग डॉक्टरांनी बंद केल्या. निळी रेघ मधल्या बोटाच्या पुढे गेली नाही.

आज

आत्याबाई गेल्या, तुमचे आजोबा गेले. मंजुळाबाईंचं मला पुढे काही कळलं नाही. आजोबांचे ते हाताचे नकाशे घर बदलताना कुठे गेले ते सापडत नाहीत.

उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींना दुखतं. थंडीत जरा जास्तच. उरलेल्या दोघांना अजून काही कळत नाही, आणि तुमची आई माझ्याबरोबर जिना उतरताना अजून त्यांनाच धरते. का, ते तिला गेल्या महिन्यापर्यंत माहीत नव्हतं.